वायरलेसवर सांगितलेली जागा

नवापूर, १७ ऑक्टोबर १९९३

चि. देवूस,
तात्याचे आशीर्वाद. सातपाटीला सासुरवाडीत नीट जेवतोस ना? ठमीला सांग, तिची कोंबडी इथे आमच्या ओट्यावर अंडं घालते आणि तुझी काकी ते तिच्या नावाने जपून ठेवते.

पावसाळ्यानंतर पोलिसांनी आपल्या दहा बोटींना वायरलेस दिले. मार्चात मुंबईत स्फोट झाले, माल किनाऱ्यावरच उतरला होता. तेव्हा दर्यावर लक्ष हवं, असं मच्छीमार सोसायटीत मीच बोललो. आजही बोलेन. दर चार तासांनी बोट हाकणाऱ्या तांडेलाने आपली जागा सांगायची, मी सोसायटीत बसून वहीत लिहायची.

पण त्या डबड्यात एक बोलतो ते दहाही ऐकतात. चिंधू तांडेल पहिल्याच दिवशी हसला होता, "तात्या, बायकोला नाय सांगत ती जागा पोलिसाला सांगू?"

त्या दिवशी तू सांगितलंस, "मुरब्याच्या किनाऱ्यासमोर हाय." आणि गस्तीवाल्यांना सापडलास पार वर, खोल दर्यात. मग चौकीत तीन दिवस. बोट अजून त्यांच्याकडेच.

पुढचं लिहायला चार दिवस कागद घेऊन बसलोय.

गस्त आपोआप नाही आली. जिवल्या तांडेलही तेव्हा मुरब्यासमोर होता आणि वायरलेसवर "इथं मी एकटाच हाय" म्हणत होता. तू खोटं बोलतोयस हे मला कळलं. तुझ्या घरातला नवा टीव्ही आठवला, ठमीच्या पाटल्या आठवल्या. चोरटा माल उतरवतोस की काय, असं नको ते मनात आलं. चौकीतल्या साहेबांना मीच सांगितलं, देवू.

तू कुठे सापडलास ते ऐकलं आणि जागा ओळखली. तुझ्या आजोबांची, माझ्या बापाची, घोळ मासा मिळायची जागा ती! कुणी विचारलं की आयुष्यभर मीही खोटीच सांगत आलो. तुझ्यावर संशय घेताना नेमकं तेच विसरलो.

साहेबांना समजावलं. ते म्हणाले, "रिकाम्या दर्यात हा मासेच धरत होता, हे मी कसं मानू? गावातले दोन तांडेल तिथे न्या. मासा मिळाला तर पंचनाम्यावर सह्या घ्या. बोट सोडतो."

म्हणजे बोट सुटेल, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेवर साऱ्या गावाची जाळी पडतील.

मी अजून हो म्हटलेलं नाही. एकदा तुला न विचारता बोललो, तेवढं पुरे. उत्तर पत्र आणणाऱ्या सोमीजवळ दे. सोसायटीच्या फोनवर नको, आजकाल तोही मधेच खरखरतो. वायरलेसची खुर्ची मात्र सोडली नाही. मी उठलो तर तिथे कोण येऊन बसेल, याचाच घोर लागतो.

बोट सोडून जागा राखायची म्हणालास, तर माझी जुनी होडी तुझ्या नावे करतो. तेवढ्या खोल अजून जाते. तिच्यावर वायरलेस नाही.

ज्याने तुझ्याहून त्या डबड्यावर जास्त विश्वास ठेवला,
तो तुझा तात्या