लेक थेट तासगावला

४ मार्च, सांगली
डोकं फिरलंय. लेक झाली त्याचे पेढे अजून वाटतोय, आणि इथे सोनम सिस्टर म्हणते, डिस्चार्जच्या आधी प्रियदर्शनी बाळ नीट सांभाळेल का ते बघणार. दूध कसं पाजते, ताप आला तर काय करेल, सगळं विचारणार. माझ्या बायकोची तोंडी परीक्षा! मी आवाज चढवला, तर मलाच विचारते, तुम्ही बाळाला एकदा तरी घेतलं का? शेडवर बेदाणा वाळतोय माझा. सवड कुणाला आहे?
त्यात सासूबाई. बाळंतीण सव्वा महिना माहेरीच राहायची म्हणे. अजिबात नाही. लेक माझी आहे. थेट तासगावला जाणार. फायनल.

५ मार्च, तासगाव
लेकीची खोली तयार. सिस्टर म्हणाली होती, खोली स्वच्छ हवी. फडक्याने पुसून जंतू मरतात होय? बेदाण्याला देतो तशी गंधकाची धुरी दिली, दारं-खिडक्या लावून. आई खोकत खोकत शेजारी गेली. जाताना म्हणाली, आरं, पोरीची खोली हाय का बेदाण्याची? परत आल्यावर तिला आत पाल मेलेली दिसली, तर जैनाच्या घरात जीवहत्या केलीस म्हणून मला उपास सांगितला. पाल मेली म्हणजे काम चोख झालंय, एवढं साधं सायन्स हिला कळत नाही. उपास करणार नाही म्हणजे नाही.
केला. घसा जळत होता, जेवण उतरलंच नसतं.

६ मार्च, सांगली, दुपारी
प्रियदर्शनीचीच काळजी होती. भोळी आहे, परीक्षेत गडबडायची. म्हणून तिच्यासमोरच सिस्टरला धुरीचं सविस्तर सांगितलं. सिस्टरने सगळं फाइलमध्ये लिहून घेतलं. इम्प्रेस झाली असणार.
मग प्रियदर्शनीला म्हणाली, आता शेवटचं सांगा, घरी बाळाला सगळ्यात जास्त कशापासून जपाल?
प्रियदर्शनीने माझ्याकडे बोट दाखवलं.
सिस्टर म्हणाली, पास.

६ मार्च, संध्याकाळ
लेक थेट माहेरी. म्हणजे सासूबाईंच्या घरी. मीही मागोमाग आलो, जाब विचारायला. दारातच अडवलं. सासूबाई म्हणतात, आवं जावईबापू, आदी आंघोळ करा, लय वास येतोय. बापाला आंघोळ करून लेक बघायची! असला अपमान जन्मात झाला नव्हता. संतापाने दोनदा आंघोळ केली.
अजून खोलीच्या दाराबाहेरच बसलोय. लेक झोपलीय म्हणे.