लोटेची राखण

मी, क्षमा यादवराव खोब्रागडे, वय सदुसष्ट, निवृत्त धातुशास्त्रज्ञ, राहणार स्टुटगार्ट, माझ्या पश्चात काय व्हावे हे कुणाच्याही दबावाशिवाय, डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवते. इथल्या कायद्याला सगळे हातानेच लिहिलेले लागते, म्हणून अक्षराला नावे ठेवू नयेत.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक चिरंजीव संघर्षला. यादवरावांची पुस्तके त्याने वाचली नाहीत तरी चालेल, रद्दीत घालू नयेत.

२. दीर नागेश यांना काही नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात ते माइकवर म्हणाले, "वहिनी, एवढं शिकून आता कावळेच राखणार का?" हो, भाऊजी.

३. राबेनफेल्स किल्ल्यावर डोमकावळे असावेत असा जुना रिवाज आहे. त्यांचा राखणदार किल्ल्याचा फेरआइन, म्हणजे तिथली संस्था, नेमते. सध्या ती राखण माझ्याकडे आहे; पुढच्यासाठी मला फक्त नाव सुचवता येते. आता एकटी लोटे उरली आहे. तिचा पंख मोडका, उडता येत नाही. राखणदार मिळाला नाही तर तिला लांबच्या पक्षिगृहात पाठवतील, आणि अनोळखी हातचे ती खात नाही. मी इस्पितळात होते तेव्हा तिने एकाच माणसाच्या हातचे खाल्ले.

ते दिनकर आठल्ये. विमाने बंद होती त्या वर्षी त्यांची आई साताऱ्याला वारली. दहाव्याला ते पिंड घेऊन किल्ल्यावर आले.

"क्षमाताई, पार्कातले कावळे शिवत नाहीत. आईचं काय राहिलंय कळत नाही. इथे ठेवू द्या."

मी म्हटले, "दिनकरराव, हिला भात देत नाहीत. आणि मी असताना हे इथे चालणार नाही."

मी बौद्ध आहे. आजही हेच म्हणेन. ते भांडले नाहीत. पिंड पुन्हा पिशवीत ठेवत म्हणाले, "आल्झो, मग अंडं तरी खाते ना?"

तेव्हापासून दर रविवारी ते उकडलेले अंडे घेऊन येतात. आमचे फारसे बोलणे नाही. तरी राखणदार म्हणून मी त्यांचेच नाव सुचवते. चामडी हातमोजे आणि पिंजऱ्याची किल्ली त्यांना द्यावी.

४. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. पिंड ठेवू नये. पण दिनकररावांना मी ओळखते, ते ठेवतीलच. तर आधी लोटेला पोटभर खाऊ घालावे. मग ती भाताला शिवली नाही, तरी माझे काही राहिले म्हणून त्यांनी जीव कष्टी करून घेऊ नये. तिचे पोट भरावे, एवढेच माझे राहिले होते.

साक्षीदार इथे लागत नाहीत, आपल्याकडे लागतात, म्हणून घेतले.

सही: क्षमा खोब्रागडे
साक्षीदार: ऊर्मिला वासनिक, पुष्कर देवधर
स्टुटगार्ट, १४ नोव्हेंबर २०२४