काचेवरचं उलटं नाव

सातारा,
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८६८

चि. सौ. पद्मास मावशीचा आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या सासूच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. माझी शाळा दुसरीपर्यंतची, चुका पोटात घाल.

जावईबापूंनी कॅमेरा घेतला, तुम्ही औंधला यमाईचं देऊळ बघायला निघालात, तर फोटो कसे काढायचे ते काकांनी लिहून द्यावं असं तू कळवलंस. त्यांना सवड नाही. मी लिहिते.

भर दुपारी काढू नका. दगडावरची नक्षी भाकरीसारखी सपाट येते. ऊन तिरपं पाहिजे, सकाळचं नाहीतर उतरतीचं. शिखर मावत नाही म्हणून कॅमेऱ्याचं तोंड वर करू नका, देऊळ दारू प्याल्यासारखं मागं कलंडतं. त्यापेक्षा मागं सरका. पण बघून सरका, पायऱ्या असतात. दीपमाळेपाशी कुणाला तरी उभं करा म्हणजे ती केवढी उंच ते कळतं. तू राहू नकोस, तू लाजून हलतेस. सभामंडपात अंधार, तिथं कॅमेरा हातात न धरता कठड्यावर ठेवायचा. जरा हललं तर सगळं वाया. मी पहिल्यांदा मेणवलीचा घाट काढला तेव्हा स्टँडला पदर अडकला आणि अख्खा घाट थरथरला.

लिहून बसले. आता खोडत नाही, खोडलेलं आणखी दिसतं.

तुझ्या काकांना तीन वर्षं दिसत नाही. दिवा लावलाय का विझलाय एवढं कळतं. फोटो मी काढते. चारचौघांत आम्ही दोघं कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्याखाली डोकी घालतो, मी आत सगळं जुळवते, मग ते बाहेर येऊन फोटो निघायचा रबरी फुगा दाबतात. लोक हसतात, या वयात काय हे चाळे म्हणून. हसू देत. आत जीव गुदमरतो, आणि बाहेर आले की मी ओझं उचलणारी बाई.

आता जावईबापूंनी त्यांना हरिपूरच्या देवळाचे बारा फोटो काढायचं काम मिळवून दिलं. चांगल्या मनानं दिलं. पण तिथल्या मंडळींचं कार्ड आलं, सामानाला दोन गडी देतो, बाईंना दगदग नको. मी वाचून दाखवलं, तर ह्यांनी 'एकटा येतो' असं उत्तर माझ्याच हातानं लिहून घेतलं. संक्रांतीआधी जायचंय. दिसणार कसं, मी विचारलं.

"तीस वर्षं केलंय. हाताला ठावं हाय."

"हाताला ठावं असतं तर मी कशाला मरतीया त्या फडक्यात?"

दोन दिवस भिंतीकडं तोंड करून बसले. जेवले मात्र.

एकटे गेले तर सगळ्यांदेखत उघडे पडतील, मग काम कोण देणार? मी खरं सांगून टाकलं तर हा माणूस पुन्हा मान वर करायचा नाही. तेव्हा तू एवढं कर. जावईबापूंकडून मंडळींना कळव, गडी नकोत, फोटो उतरतो त्या काचा फुटतात, सामानाला मावशीशिवाय कुणी हात लावत नाही. नवऱ्याला खरं कारण सांगायचं का नाही ते तुझं तू बघ. मला झाकणं होत नाही आणि उघडणंही होत नाही.

फोटोच्या कोपऱ्यात त्यांचं नाव असतं ना, ते मी काचेवर उलटं लिहिते, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. जे नाव तोंडानं उभ्या जन्मात घेतलं नाही ते हातानं शेकड्यांनी लिहिलं. माझं कशावरच नाही.

उत्तर लगेच पाठव. पाकिटावर काकांचं नको, माझं नाव घाल. या घरात माझ्या नावानं आजवर पत्र आलेलं नाही. पोस्टमन दारात उभा राहून विचारेल, ही कोण म्हणून. विचारू दे. मी आहे म्हणून सांगेन.

तुझी मावशी,
धोंडुबाई