पडद्यामागचा मेहुणा

५ जानेवारी, सकाळ
ट्रिपा वाटणाऱ्या मॅडमनी लांब पल्ल्याच्या सगळ्या ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावलं. महिनाअखेरपर्यंत ठरवा म्हणाल्या, जोडीने चालवणार की सोलो. जोडीत एक चालवतो, दुसरा मागच्या बर्थवर पडदा ओढून झोपतो, गाडी थांबत नाही. सोलोत चालवणार तुम्ही, थांबणार तुम्ही, झोपणारही तुम्हीच. ज्यांचं काहीच ठरणार नाही त्यांना गोदामात घेऊ, असंही जाता जाता बोलल्या. गोदाम म्हणजे छपराखाली उभं राहून खोकी रचणं. ज्या माणसाने अर्धं आयुष्य हायवेवर काढलं त्याला खोकी!
माझा निर्णय खुर्चीतून उठायच्या आत झाला. सोलो. जगात जे जे मोठं घडलं ते कुणीतरी एकट्याने उठून केलं. समित्यांनी फक्त चहा प्यायला.

६ जानेवारी
बायकोला निर्णय सांगितला. माझा जोडीदार म्हणजे तिचाच धाकटा भाऊ, त्यामुळे थोडा विरोध गृहीत धरला होता. त्याला विचारलंत का, म्हणाली. मी म्हटलं, वाघ सोबत मागत फिरत नाही. त्यावर ती म्हणाली, वाघाला ट्रेलर मागे घ्यावा लागत नाही.
हा टोमणा अनाठायी आहे. मान्य, माल उतरवायच्या प्लॅटफॉर्मला ट्रेलर उलटा लावायचं काम मेहुणा करतो. ती कामाची वाटणी आहे. मी पुढे जाणारा माणूस आहे. मागे जाणं माझ्या स्वभावातच नाही.

९ जानेवारी, संध्याकाळ
ट्रिपवर. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतोय.
त्याच्याबद्दलच्या तक्रारी एकदा कागदावर असाव्यात. बोलत नाही. ‘हं’ हा त्याचा पूर्ण शब्दकोश. यार्डात त्याला ‘म्यूट’ म्हणतात. मी इतकं वाचतो, इतका विचार करतो, त्याचा त्याला काडीचा उपयोग नाही. शिवाय घाट आला, धुकं आलं, शहर आलं की स्वतःच स्टिअरिंग मागून घेतो. मला संधीच देत नाही. मी सरळ रस्त्याचा तज्ज्ञ ठरलो तो त्याच्यामुळे.
आताही पुढे घाट आहे. स्टिअरिंग त्याच्याकडे. उद्या सकाळी माझी पाळी. सांगून टाकायचं. गुळमुळीत काही नको.

१० जानेवारी, दुपार
सांगितलं! टोलच्या रांगेत थांबलोय तोवर लिहून ठेवतो.
सकाळी पंपावर डिझेल भरलं. तो घाट उतरवून दमला होता, बर्थवर गेला, पडदा ओढला. मी तोंडावर पाणी मारून आलो, गाडी काढली आणि सरळ रस्ता लागताच मुद्द्याला हात घातला. आरशात बघून बोलत होतो, मागे पडदा हलत होता. आधी स्वातंत्र्य म्हणजे काय ते मांडलं. मग परावलंबनाने माणूस कसा पोकळ होतो ते. मग त्याच्याविषयी, पण कुठेही अपमान न करता. मध्ये एकदा विचारलं, पटतंय ना? शांतता. त्याच्याकडून साधा ‘हं’ही आला नाही, म्हणजे मनाला लागलं असणार. मी म्हटलं, रडावंसं वाटलं तर रड, मी पुढे बघतो.
इतकं चांगलं मी आजवर कुठल्याही सभेत बोललेलो नाही. मौन म्हणजे संमती. विषय संपला.

तोच दिवस, नंतर
पडद्यामागे त्याचा फोन वाजत होता. थांबला, पुन्हा वाजला. घे रे, म्हटलं. पुन्हा वाजला. शेवटी गाडी कडेला घेऊन पडदा ओढला.
उशी. पांघरूण. जॅकेट. बूट. फोन. मेहुणा नाही.
फोनवर ‘ताई’ असं नाव, म्हणजे माझीच बायको. उचलला. माझा भाऊ कुठे आहे, तिने विचारलं. मी झोपलाय म्हणालो. ती म्हणाली, पंपावरच्या माणसाच्या फोनवरून आत्ता त्याच्याशीच बोलले. बनियन आणि चपलांवर उभा आहे. पाय मोकळे करायला उतरला होता, तुम्ही त्याच्यासमोरून गेलात, तो पळत होता. मी म्हणालो, मग झोपेत चालत गेला असेल. तिचं न बोलणं भावासारखं नाही, त्यात बरंच ऐकू येतं.
बाहेर उतरून पाहिलं. वारा कापत होता. उलटं जायला दुभाजकात एक फट होती, पण तिथे ट्रेलर एकदा मागे घ्यावाच लागला असता. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न. एकाने काच खाली करून माझ्या आईवडिलांची चौकशी केली. तरी मी गिअर टाकला. ट्रेलर भलत्याच दिशेने वळायला लागला, मागचा टँकर जवळ जवळ येत गेला. टँकरवर ज्वलनशील असं लिहिलेलं आरशात उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. सोडून दिलं. पुढे निघालो. माल वेळेवर पोचवणं हे पहिलं कर्तव्य.
अक्षर वाकडं येतंय. डिझेल इंजिन म्हटलं की थरथर आलीच.
तो पळत होता, हे तिने सांगायला नको होतं.

११ जानेवारी, सकाळ
कारखान्याच्या गेटवर पोचलो. मेहुणा वॉचमनच्या शेजारी चहा पीत बसला होता. अंगात कुणाचं तरी भलंमोठं स्वेटर. पार्सलच्या गाडीने लिफ्ट दिली, ती माझ्या आधी पोचली. तरी बरं, म्हणजे फार काही बिघडलं नव्हतं.
येताना सगळं स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं. ‘यात दोघांचीही थोडी थोडी चूक’ इथपर्यंत आलो. तो केबिनमध्ये चढला, मला उतरायची खूण केली, ट्रेलर एका दमात प्लॅटफॉर्मला लावला आणि आत जाऊन पडदा ओढला.
परतीच्या वाटेवर ‘हं’सुद्धा नाही. फक्त प्रत्येक थांब्यावर उतरताना गाडीची चावी काढून खिशात घालायचा.

१४ जानेवारी
घरी. बायको कामापुरतं बोलते. आतल्या खोलीतून भावाशी फोनवर बोलते, तेव्हा हसते. मी गेलो की दार लोटते.
तरी एक गोष्ट सिद्ध झाली. मी तो सगळा रस्ता एकट्याने चालवला. नकळत का होईना, सोलो जमलं. हा मुद्दा मॅडमपुढे मांडला. त्या म्हणाल्या, सोलोसाठी यार्डात टेस्ट आहे, ट्रेलर उलटा लावून दाखवायचा. निव्वळ औपचारिकता.

१९ जानेवारी
प्रॅक्टिस. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. हे कुठल्या न्यायात बसतं? ज्याने ही व्यवस्था लावली त्याला जाब विचारायला हवा. खुणेसाठी मांडलेले सगळे शंकू आडवे झाले. प्लास्टिकचे होते, हलके. वाऱ्यानेही पडतात.
संकल्प : रोज पहाटे यार्डात.

२० जानेवारी
पहाटे थंडी होती.

२२ जानेवारी
जास्त प्रॅक्टिसने हाताची सहजता जाते, असं माझं मत आहे.

२३ जानेवारी
टेस्ट. मॅडम पायऱ्यांवर उभ्या. मेहुणा लांब, टायरांच्या ढिगाजवळ. बाकीचे ड्रायव्हर हातातले चहाचे कप विसरून बघत होते.
सुरुवात उत्तम झाली. मग ट्रेलर वळला, मी सावरायला गेलो तर आणखी वळला. कुणीतरी ओरडलं. मला वाटलं उत्तेजन देतायत. मग सगळेच ओरडले. मागून काहीतरी मोडल्याचा आवाज आला.
यार्डाच्या वॉचमनची खुर्ची होती. वॉचमन त्यात नव्हता. तो नुकताच उठला होता.
पुन्हा लिहितो. तो नुकताच उठला होता.
माझा पाय ब्रेकवर होता. जरा उशिरा पोचला. चेपलेल्या खुर्चीकडे बघत वॉचमन मला म्हणाला, साहेब, माझी मुलं लहान आहेत.

२४ जानेवारी
आज काही लिहायचं नाही.

२७ जानेवारी
खूप विचार केला. जोडी. माणूस एकट्याने काहीही करू शकत नाही हे मी पूर्वीपासून म्हणत आलोय. एकटेपणाचं कौतुक करणारे लोक भित्रे असतात, त्यांना दुसऱ्याला सहन करण्याची हिंमत नसते.
बायकोला निर्णय कळवला. जाऊन त्याला सांगतो म्हटलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, सांगू नका, विचारा.
शब्दांचा फरक आहे. विचारेन.

३१ जानेवारी
शेवटचा दिवस. मेहुणा यार्डात गाडी काढायच्या तयारीत, हातोडीने टायर ठोकून हवा बघत होता. त्याच्यामागोमाग प्रत्येक टायरपाशी जात मी सहकार्यावर बोललो. परस्परविश्वासावर बोललो. पंपाचा उल्लेख टाळला. शेवटी म्हटलं, तर मी जोडीसाठी तयार आहे. बायकोचं आठवलं म्हणून जोडलं, तुझी हरकत नसेल तर.
त्याने हातोडी जागेवर ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे बघून पूर्ण वाक्य बोलला.
“दाजी, सोलो तर मी कधीचाच चालवतोय. तुम्ही फक्त गाडीत असायचात.”
मग केबिनमध्ये चढला, इंजिन चालू केलं आणि माझ्या बाजूचं दार आतून ढकलून उघडलं.
“बसायचं तर बसा. बोलायचं नाही.”
बसणार होतो. एक पाय पायरीवर ठेवलाही. पण अशी अट निमूट मान्य करणं म्हणजे माणसाने स्वतःला मिटवून टाकणं. हे त्याला समजावून सांगणं गरजेचं होतं, त्याच्याच भल्यासाठी. पाय खाली घेतला, म्हणजे नीट उभं राहून बोलता येतं. पहिला मुद्दा मांडून दुसऱ्याकडे वळलो, तेव्हा त्याने हात लांब करून दार ओढून घेतलं. इंजिनाच्या आवाजामुळे मला वाटलं, नीट ऐकू यावं म्हणून. तिसऱ्या मुद्द्याला गाडी गेटाबाहेर होती.
मॅडम पायऱ्यांवर पेन घेऊन उभ्या होत्या. तुमचं काय लिहू, म्हणाल्या.
विचार चालू आहे, म्हणालो.
त्यांनी गोदाम लिहिलं.