जुन्या वायरची किरकिर

सोमवार, १ डिसेंबर २०२५. अकोला

व्हायब्रेशन मीटर अजून दुरुस्तीतच. म्हणून कापसातली सरकी काढणाऱ्या तीन नंबर जिनचं बेअरिंग कानाने तपासलं — स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडावर. फोरमन धर्मपाल म्हणाले, "मले किर्र वाटून राहिलं, मॅडम." मला नाही वाटलं. 'ठीक' लिहून सही केली. बेअरिंग तापलं तर कापूस पेटतो, त्यामुळे सही विचार करूनच करते.
"मॅडमचा कान म्हंजे मीटरच!" — धर्मपाल.

शनिवार, ६ डिसेंबर. अमरावती

बाबांनी स्टीरिओला महागाची वायर आणली! वकिली केलेला माणूस, आणि दुकानदाराच्या एका वाक्यावर विश्वास. "तबला बघ कसा खुलला!"
जुनी वायरही चार मीटर तांबंच. रोध ०.१४ ओहम, स्पीकर ८ ओहमचा. फरक ऐकू येणं शक्य नाही. तसं सांगितलं. "तुझं गणित तुझ्यापाशी," म्हणाले.

रविवार, ७ डिसेंबर

चाचणी घेतली. बाबा पाठमोरे, आई वायरी बदलणार, मी नोंदणार. दहापैकी दहा बरोबर!
मग मी बसले. दहापैकी पाच. म्हणजे नाणं उडवल्यासारखं.
आई खाकरून खुणावत असेल, असा संशय आला. लाज वाटते लिहायला.

दुपारी

सापडलं. जुन्या वायरला कपाटामागे जोड आहे, बाबांनीच कधीतरी टेप गुंडाळून केलेला. आत तांबं हिरवं पडलेलं. तेवढं कापून नव्याने पीळ दिला. पुन्हा चाचणी. बाबा नाइलाजाने म्हणाले, "आता दोन्ही सारखंच."
दोष जोडात होता, वायरीत नाही. जिंकले.
तेवढ्यात आई — "गेली बाई ती किरकिर! महिनाभर डोकं उठवलं होतं."
"कुठली किरकिर?"
"अगं, तू तर स्पीकरच्या शेजारी बसली होतीस!"
बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या कानाशी धरलं. मग दुसऱ्या कानाशी. मग माझ्यासमोर धरलं. सेकंदकाटा चालत होता.

संध्याकाळी

मोबाइलवर स्वर लावून पाहिले. ६ किलोहर्ट्झ — काही नाही. ४ — काही नाही. ३ — उजव्या कानाला अंदाजाने. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बंद कर ते, कान फाटतात!"
जिनिंगच्या गोंगाटात तीन हंगाम झाले. कानात प्लग घातले तर मशीन ऐकू येत नाही — हे नव्या पोरींना मीच सांगते.
तपासणीला जायचं ठरलं. निकाल मला माहीत आहे. बाबा स्टीरिओ लावत नाहीयेत.

सोमवार, ८ डिसेंबर. सकाळी ५.५०

पाळी सुरू व्हायच्या आत धर्मपालना फोन केला. "तीन नंबर चालू करू नका."
"काहून, मॅडम? तुमीच तं ऐकून सही केली!"
"मला ऐकू येत नाही, धर्मपाल."
"काय म्हन्ता? मोठ्यानं बोला!"
पुन्हा सांगितलं. मोठ्याने.