बोटीला हात लावू नये

३ मार्च, सोमवार
पलीकडच्या धक्क्यावरून दोन बोटी चोरीला गेल्या. दिवसाढवळ्या! कोणाचं लक्षच नव्हतं म्हणे. लक्ष नसणं हाच आपल्या समाजाचा मोठा रोग.
निश्चय: आपल्या बोटीला अलार्म. मेहुणा हेच सामान विकतो. बायको म्हणाली, एकोणीस वर्षांची बोट, ती कोण नेणार? हिला बोटीतलं काही कळत नाही. ही बोट मी आणि माझा दोस्त सुतार, दोघांनी मिळून बांधली आहे, त्याच्याच शेडमध्ये. फळ्या त्याने तासल्या, जोडल्या, ठोकल्या. डोकं माझं.

५ मार्च, बुधवार
सिस्टीम बसली, शनिवारी चालू होईल. बोटीत कोणी पाय ठेवला की भोंगा वाजणार आणि माझ्या मोबाइलवर मेसेज येणार. रोज सकाळी रिपोर्टही येणार. आता मी घरी खुर्चीत बसून बोट सांभाळू शकतो. आजवर सांभाळतच होतो म्हणा, पण आता सायंटिफिक.
सुतार बघायला आला. म्हणाला, चोराचं सोड रे, तळाच्या फळीचा सांधा सुटलाय, पाणी येतंय. बोट वर घे, दोन दिवसांत भरून देतो. वर्षभर हेच पालुपद. मी दर रविवारी सकाळी न चुकता जातो. बोट आतून ठणठणीत कोरडी. पाणी येतंय तर ते जातं कुठे? तसं त्याला विचारलं. तो नुसता हसला. उत्तर नसलं की माणूस हसतो.
पण माणूस लाखात एक. तीस वर्षांची दोस्ती आहे.

८ मार्च, शनिवार
आज सिस्टीम चालू केली. दुपारपर्यंत भोंगा अकरा वेळा वाजला. अकराही वेळा पाणकावळा. तो बोटीच्या टोकावर बसून पंख वाळवतो. धक्क्याच्या कमिटीचा सेक्रेटरी फोनवर ओरडला की जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका काम टाकून घरी गेल्या, एक तर चोर पकडा नाहीतर तो भोंगा गप्प करा. शिस्तीची कदर नाही.
मेहुण्याने ‘सायलेंट मोड’ लावून दिला. आता भोंगा वाजणार नाही, फक्त मला मेसेज. वाटलं तर मोबाइलवरून मी भोंगा वाजवू शकतो. हे कोणालाही सांगितलेलं नाही. सुतारलाही नाही. सुरक्षेत दोस्ती आणायची नसते.

१४ मार्च, शुक्रवार
संध्याकाळी ६.१० ला मेसेज: बोटीत हालचाल. कालही ६.१०. परवाही, आठवडाभर रोज. पाणकावळा घड्याळ लावून येत नाही. हा माणूस आहे, आणि सराईत आहे.
बायकोला दाखवलं. ती म्हणाली, रोज येतो आणि काहीच नेत नाही, हा कसला चोर? मी म्हणालो, तो अंदाज घेतोय. ती म्हणाली, मग तुम्हीही घ्या. असल्या घरात राहून मी सिस्टीम चालवतोय.

१७ मार्च, सोमवार
चोर पकडला.
साडेपाचपासून डिझेलच्या शेडमागे दबा धरून बसलो होतो. बरोबर ६.१० ला एक माणूस बादली घेऊन माझ्या बोटीत उतरला. सुतार! माझा सुतार!
बादली कशाला? डिझेल काढायला, दुसरं काय. मी मोबाइलवर बटण दाबलं. भोंगा असा काही कडाडला की तो दचकून तोल जाऊन पाण्यात पडला. कंबरभर पाणी. सगळा धक्का धावत आला. मी सगळ्यांसमोर विचारलं, रोज माझ्या बोटीत काय करतोस?
तो म्हणाला, पाणी उपसतो.
कोणतं पाणी, मी म्हणालो, दर रविवारी बोट कोरडी असते!
त्यावर त्याने पाण्यातली बादली उचलून धक्क्यावर ठेवली. कपड्यांतून पाणी गळत होतं. मग म्हणाला, बरं. आजपासून तुझ्या बोटीला हात लावणार नाही.
म्हणजे आजवर लावत होता! कबुली दिली, तीही साक्षीदारांसमोर. ना कोणी हसलं, ना कोणी माझी पाठ थोपटली. मासे निवडणारी म्हातारी उठून त्याला टॉवेल द्यायला गेली. सगळे मिळालेले दिसतात.
जेवलो नाही. तीस वर्षं!

१९ मार्च, बुधवार
बोर्ड रंगवून घेतला: ‘या बोटीला कोणीही हात लावू नये. हुकुमावरून.’ बोटीशेजारच्या खांबावर ठोकला. मेहुण्याकडून पाणकावळ्याचे मेसेजही बंद करून घेतले, आता सिस्टीम फक्त माणसाचं वजन धरणार. सेक्रेटरीने विचारलं, कोणाच्या हुकुमावरून? मी आणखी एक खिळा ठोकला.
बायको म्हणाली, सुतार भाऊजींकडे जाऊन माफी मागून या. मी! माफी त्याने मागायची. मी वाट बघतोय.

२७ मार्च, गुरुवार
दहा दिवस एकही मेसेज नाही. ६.१० शांत. सिस्टीम जिंकली. रोज सकाळी रिपोर्ट येतो: ‘बोट जागेवर आहे. हालचाल नाही.’ वाचून छाती भरून येते.
सुतार बाजारात दिसला. त्याने रस्ता ओलांडला. अपराधी माणूस असाच वागतो.

३० मार्च, रविवार
आज धक्क्यावर गेलो नाही. गेल्या रविवारीही नाही. जायचं कशाला? रिपोर्ट चोख आहे. शिवाय तिथे बोलायला कोणी नाही.

२ एप्रिल, बुधवार
सकाळी ७.०० रिपोर्ट: बोट जागेवर आहे. हालचाल नाही.
सकाळी ७.२० सेक्रेटरीचा फोन: बोट बुडाली.
गेलो. खरंच जागेवर होती. तळाला. वर फक्त इंजिनाचं झाकण आणि त्यावर पाणकावळा.
तीन दिवस खाली खाली जात होती म्हणे. सगळ्यांनी पाहिलं. मी ओरडलो, मग कोणी काही केलं का नाही? सेक्रेटरीने बोर्डाकडे बोट दाखवलं.
मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, दाजी, ही चोरीची सिस्टीम. बुडण्याची वेगळी येते.
घरचा माणूस! आधी बोलायला काय झालं होतं?

४ एप्रिल, शुक्रवार
चौकीत तक्रार द्यायला गेलो. हवालदाराने विचारलं, कोणाविरुद्ध? सुतारविरुद्ध. काय केलं त्याने? मी म्हणालो, काहीच केलं नाही, हीच तक्रार आहे. वर्षभर न सांगता रोज पाणी उपसत होता, ते बंद केलं आणि माझी बोट बुडाली. हा विश्वासघात नाही तर काय?
हवालदाराने पेन खाली ठेवलं. विचारलं, बोट कोणाची? माझी. आणि उपसत तो होता? हो. फुकट? आता दोस्तीत काय घ्यायचं असतं?
तो म्हणाला, काका, घरी जा.

९ एप्रिल, बुधवार
क्रेनने बोट वर काढली. तळाची फळी सांध्यातून निघून पाण्यातच राहिली. क्रेनवाल्याने विचारलं, हे एवढे दिवस तरंगलं कसं? धक्क्यावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी क्रेनचे पैसे मोजायला घेतले.
सुतारने माझ्या शेजारी बांधलेली आपली बोट हलवली. धक्क्याच्या पार त्या टोकाला नेली. मला न सांगता.

१३ एप्रिल, रविवार
सुतारच्या घरी गेलो. माफी नाही, खुलासा करायला. वाटेत वाक्यं जुळवली होती. वहिनींनी दार उघडलं, अर्धंच. म्हणाल्या, ते घरी नाहीत.
तेवढ्यात आतून खोकला आला. तो खोकला मी झोपेतही ओळखेन.
मी जरा मोठ्याने म्हणालो, बरं, येऊन गेलो म्हणून सांगा. वहिनी सांगते म्हणाल्या. दार लागलं.
घरात असून नाही म्हणवतात. आता या जगात विश्वास तरी कोणावर ठेवायचा?
बोट भंगारवाला उद्या नेणार आहे. अलार्म काढून आणला. वॉटरप्रूफ निघाला, चांगला चालू आहे, वाया का घालवायचा? घराच्या दाराला लावू या म्हणालो, कोणी आलं की कळेल.
बायको म्हणाली, आता येतंय कोण?