पेजेचं भांडं

प्रिय गानीदादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तोच माझा कबुलीजबाब ठरेल.

तू इलोइलो शहराच्या ठाण्यात पोलीस, आणि मी इंटरनेटवर खोट्या नावाने पोलिसांशी भांडणारी. वॉरंटशिवाय लोकांच्या घरात का घुसता, एवढंच विचारत होते. तिथे एक टोपणनावाचा गडी रोज डिवचायचा, "लपवायला काही नाही, तर घाबरता कशाला, बाई?" माझ्यासारखंच तिथे खोट्या नावाने लिहिणाऱ्या टेरेसो सरांचं खरं नाव कुणीतरी फोडलं आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्यांना उचललं.

परवा त्या गड्याचा वीट आला, म्हणून तिथे थाप मारली, "ताप आलाय, आज वाद नको." मी ठणठणीत होते. घरात कुणाला काही बोललेही नव्हते.

काल सकाळी वहिनी कोंबडीची पेज घेऊन दारात उभी. "अगं, ताप उतरला का? हे म्हणाले, आलं जास्त घाल, तिला आवडतं."

दादा, लहानपणी माझ्या प्रत्येक तापात तूच मला पेज भरवायचास. कालची पेज मी तशीच ओतून दिली.

भांडं घासून ठेवलंय. न्यायला येशील तेव्हा एकटाच ये.

तुझी धाकटी,
लिगाया